दवंडीला पोच कुठून आली? डीसीबीएक्सची कुळकथा

एका जुन्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाने स्विचकडे पाठवलेली एलएलडीपी फ्रेम वायरशार्कमध्ये उघडली. तिच्यातल्या १२७ क्रमांकाच्या टीएलव्हीत, म्हणजे माहितीच्या तुकड्यात, ०० १बी २१ असे तीन बाइट होते. हा इंटेलचा कंपनी-क्रमांक. कार्ड मात्र दुसऱ्याच कंपनीचं. डीसीबीएक्सच्या (डेटा सेंटर ब्रिजिंग एक्स्चेंज) घराण्याचा माग इथूनच लागतो.

सातपूर एमआयडीसीत ईएसडीएसचं डेटा सेंटर आल्यापासून नाशिकच्या पोरांना स्विचचं काम नवं राहिलेलं नाही. पण ‘डीसीबीएक्स ऑटोवर ठेव’ यापलीकडे त्याची चौकशी फारशी कुणी करत नाही. काम असं : स्टोरेज आणि साधी रहदारी एकाच इथरनेटवर आणायची, तर स्टोरेजची फ्रेम गळता कामा नये. १९९७ची पॉज फ्रेम सगळीच लिंक थांबवते. पीएफसी (प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल) रहदारीच्या आठ वर्गांपैकी नेमका एक वर्ग थांबवते. तो वर्ग कोणता, यावर दोन्ही टोकांचं एकमत हवं. ते डीसीबीएक्स घडवते.

तिचं वाहन २००५ची एलएलडीपी. ती निव्वळ दवंडी : साधारण दर तीस सेकंदांनी ‘मी अमुक’ सांगायचं, उत्तराची वाट पाहायची नाही. तरीही डीसीबीएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत चक्क अनुक्रमांक आणि पोच-क्रमांक आहेत. दवंडीला पोच जोडायचं सुचलं कुणाला?

पहिल्या आवृत्तीचं नाव सीआयएन, म्हणजे सिस्को, इंटेल, नुओव्हा. इंटेलचा क्रमांक इथूनच आला आणि पुढे सीईई आवृत्तीतही टिकला. पण माझा सगळा भर नुओव्हावर आहे. ती कंपनी काढणारे मारिओ माझ्झोला, प्रेम जैन आणि लुका काफिएरो यांनी आधी अँडियामो ही कंपनी उभी केली होती, आणि तिथे फायबर चॅनल या स्टोरेजच्या नेटवर्कचे स्विच बनले. फायबर चॅनलमध्ये दोन स्विच जोडले की आधी ईएलपीची, म्हणजे लिंकच्या अटींची, देवघेव होते. समोरचा स्वीकारतो किंवा नाकारतो, आणि वेळमर्यादांचे आकडे जुळले नाहीत तर लिंक वेगळी पाडली जाते. सर्व्हर जोडला तर तो फॅब्रिकमध्ये, म्हणजे स्विचच्या जाळ्यात, लॉगिन करतो आणि फॅब्रिकने दिलेले आकडे घेतो. पोचेची सवय ही माणसं तिकडून घेऊन आली, असं माझं ठाम मत आहे.

यावर इथरनेटवाल्यांचा दावा असा : १९९५च्या ऑटो-निगोशिएशनमध्येही पोचेचा बिट होताच, मग बाहेर कशाला शोधायचं? बिट होता, हे खरंच. पण तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही. दोघांना जमणाऱ्यातलं सर्वांत वरचं, ठरलेल्या यादीनुसार निवडलं जातं. डीसीबीएक्समध्ये विलिंग (‘मी ऐकायला तयार’) बिट एकवर असलेलं टोक आपली सेटिंग सोडून समोरच्याची घेतं. सर्व्हरचं कार्ड बहुधा विलिंग, स्विच नाही. हे नातं लॉगिनचं आहे, वाटाघाटीचं नाही. डेलच्या काही स्विचवर तर एक पोर्ट वरच्या स्विचकडून सेटिंग घेऊन आतल्या पोर्टांना वाटतो.

२०११च्या ८०२.१क्यूएझेडमध्ये आयईईई या मानक ठरवणाऱ्या संस्थेने अनुक्रमांक आणि पोच-क्रमांक दोन्ही काढून टाकले आणि इंटेलच्या कंपनी-क्रमांकाच्या जागी स्वतःचा ०० ८० सी२ घातला. दवंडी पुन्हा दवंडी झाली. विलिंग मात्र राहिला. वर्गांना बँडविड्थ वाटून देणाऱ्या ईटीएसमध्ये तर ‘माझी मांडणी’ आणि ‘तू ही घे’ यांसाठी दोन वेगळे टीएलव्ही आले. कंपनी-क्रमांक आणि टीएलव्ही असे बदलले, म्हणूनच एका टोकाला सीईई आणि दुसऱ्याला आयईईई पक्की केली, तर दिवा हिरवा राहतो, पीएफसी मात्र ठरत नाही, आणि गर्दी झाली की स्टोरेजच्या फ्रेम गळतात.

एक गुण मात्र इथरनेटवाल्यांना द्यायलाच हवा. पीएफसीसाठी दोन्ही टोकं विलिंग निघाली, तर लहान मॅक पत्त्याच्या टोकाची सेटिंग चालते. फायबर चॅनलमध्येही मुख्य स्विच निवडताना समान प्राधान्य असेल तर लहान क्रमांक जिंकतो, म्हणून हा नियमही तिकडचाच म्हणायचा मोह होतो. पण १९८५मध्ये रेडिया पर्लमन यांनी इथरनेटच्याच स्पॅनिंग ट्रीत मूळ ब्रिज निवडायची रीत ठरवली, तीही सर्वांत लहान क्रमांकाचीच.