आवाजाचा पोत: संगमनेरच्या तुणतुण्यापासून संगणकाच्या प्लगइनपर्यंत

१/ संगणकावर मुद्रित केलेला आवाज आज इतका स्वच्छ असतो की अनेक संगीतकारांना तो कोरडा वाटतो. मग त्याला प्लगइन जोडले जातात: टेपची ऊब, जुन्या तबकडीची खरखर, घुमटातला घुमारा. आवाजाला मुद्दाम पोत देण्याची ही ओढ किती जुनी? आणि 'जुना आवाज' म्हणून जो पोत आपल्यापुढे ठेवला जातो, तो नेमका कोणाचा?

२/ आरंभ अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरपासून करू. शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) येथले. शाहिराच्या साथीला दोन वाद्ये हमखास असत: डफ आणि तुणतुणे. तुणतुण्याची रचना अगदी साधी आहे. लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला ताणलेले चामडे, बाजूला एक काठी आणि चामड्यापासून काठीच्या खुंटीपर्यंत गेलेली एकच तार.

३/ एवढ्याशा वाद्याचे काम मात्र मोठे. तारेचे कंपन थेट चामड्यात उतरते, त्यामुळे तिच्या नादाला एक धारदार, किंचित नाकातली किनार येते. उघड्या मैदानात, गर्दीच्या गलबल्यात सौम्य नाद विरून जातो, हा टिकतो. डफाचे चामडे सैल पडले की ते शेकोटीवर धरून ताणून घेत. आवाजाचा पोत 'लावून घेणे' ही शाहिराच्या फडातली रोजची बाब होती.

४/ १७९५ साली याच जिल्ह्यातील खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. अनंत फंदीने तिच्यावर पोवाडा रचला. पुढे ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोळा केलेल्या पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला आणि शाहिरांचे शब्द अभ्यासकांच्या हाती आले. शब्द उरले, ज्या नादात ते ऐकले गेले, तो नाद कागदावर उतरला नाही. इतिहासाच्या साधनांतली ही पोकळी ध्यानात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

५/ आता तंबोरा. तंबोऱ्याची तार घोडीच्या टोकदार कडेवर टेकलेली नसते. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार कंप पावताना त्या उताराला पुन:पुन्हा घासून जाते आणि मूळ स्वरासोबत वरचे अनेक उपस्वर उमलतात. या उमलण्याला आपल्याकडे जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून ती नेमकी 'उघडतात'. धागा केसभर हलला तरी आवाजाचा रंग पालटतो.

६/ या गुणाकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे लक्ष गेले. युरोपीय ध्वनिशास्त्राचा यंग-हेल्महोल्ट्झ नियम असा: तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर ऐकू येऊ नये. तंबोरा आणि वीणा यांत तो ऐकू येतो, हे रामन यांनी १९२१ च्या निबंधात दाखवले आणि त्याचे श्रेय रुंद घोडीला दिले. वाद्य घडवणाऱ्या हातांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याला प्रयोगशाळेने उशिरा दुजोरा दिला.

७/ हे हात महाराष्ट्रात प्रामुख्याने मिरजेचे. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानी फौजांचे दिवस सरले, तलवारींची मागणी ओसरली आणि याच घराण्यांतले कारागीर तंबोरे व सतारी घडवू लागले. फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. पात्याची धार ओळखणारी नजर घोडीचा उतार जोखू लागली.

८/ तंबोऱ्याचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भीमाकाठावरून. हीच भीमा त्याआधी अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून, सिद्धटेकच्या पायथ्याशी वाहून आलेली असते. घोडीला कानस मारून जवारी काढणे हे या धंद्यातले सर्वांत नाजूक काम: कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) हे गायक असूनही वाद्यदुरुस्तीत आणि जवारीत जाणकार मानले जात.

९/ येथवर पोत हा हेतूपूर्वक घडवलेला गुण होता. १९०२ मध्ये चित्र बदलले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहर जानसारख्या गायिकांचे आवाज मेणाच्या तबकड्यांवर कोरले जाऊ लागले. वीज नाही, मायक्रोफोन नाही. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे. त्या हवेच्या दाबाने पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ ओढायची.

१०/ कर्ण्याचे कान मात्र अर्धे बहिरे होते. अदमासे २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्याला नीट ऐकू येई. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर या पट्ट्याच्या खाली आणि जवारीची झळाळी बरीचशी वर. शिवाय कर्ण्याजवळ जागा थोडी. तिथे गायक आणि पेटी पुढे, बाकीचे मागे. म्हणून त्या काळच्या तबकड्यांत पेटी स्पष्ट वाजते आणि तंबोरा क्वचितच कानी पडतो. मिरजेत ज्यासाठी दिवसेंदिवस कानस चालली, तेच यंत्राने वगळले.

११/ आणि ती सुप्रसिद्ध खरखर? तबकडी लाखेची असे, पण लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. पोलादी सुई खाचेत नीट बसावी म्हणून भुकटीने तिला घासून घ्यावे, अशी योजना होती. त्या घर्षणाचा आवाज म्हणजे खरखर. बालगंधर्वांच्या आरंभीच्या तबकड्या ऐकताना आपण एका वेळी दोन गोष्टी ऐकतो: एक गळा आणि एक दळण.

१२/ १९२५ मध्ये विजेवर चालणारे मुद्रण आले आणि मायक्रोफोनने हळुवार गळ्यांनाही वाट दिली. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'पासून मराठी चित्रपट बोलू-गाऊ लागला. त्याच वर्षी 'श्यामसुंदर'मधून पडद्यावर आलेले बालनट शाहू मोडक हे अहमदनगरचे. पार्श्वगायनाची पद्धत अजून रुळायची होती. नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे आणि त्या जागेचा घुमारा गाण्यात उतरे.

१३/ पुढे स्टुडिओ हा घुमारा स्वतःच निर्माण करू लागले. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या यंत्रात पोलादी पत्रा टांगलेला असे. त्यात आवाज सोडला की पत्रा थरथरे आणि रिकाम्या दालनाचा भास होई. चुंबकीय टेपवर आवाज क्षमतेहून जोरात मुद्रित केला की त्याची टोके दबत आणि नवे उपस्वर मिसळत. अभियंत्यांना हा दोष आवडला. त्याला सॅच्युरेशन म्हणतात.

१४/ १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी हा आराखडा आणला. तेव्हापासून ही यंत्रे प्लगइनच्या रूपाने संगणकात शिरली. सॅच्युरेशनचे प्लगइन मूळ स्वराला उपस्वर जोडते; रिव्हर्बचे प्लगइन एखाद्या वास्तूचा घुमारा गणिताने उभा करते. तत्त्वाने पाहिले तर सॅच्युरेशन जवारीचे दूरचे नातलग आहे. फरक इतकाच की येथे धाग्याच्या जागी कळ फिरवायची असते.

१५/ आता मूळ प्रश्न. 'जुना आवाज' देणारी प्लगइन काय करतात? खर्ज आणि तार कापून मधला पट्टा ठेवतात, खरखर मिसळतात, स्वर किंचित डळमळवतात. म्हणजे ती कर्ण्याचे बहिरेपण, सुईचे घर्षण आणि यंत्राची डुगडुग यांची नक्कल करतात. १९०५ सालच्या मैफलीत बसलेल्या श्रोत्याने असा आवाज कधीच ऐकला नव्हता. त्याच्या कानी तंबोऱ्याची भरगच्च जवारी होती. भूतकाळ धूसर वाजत नव्हता. धूसर होते ते त्याला टिपणारे यंत्र.

१६/ हा केवळ शब्दच्छल नाही. जुन्या तबकड्या ऐकून आपण मते बनवतो: तेव्हाचे गायक चढ्या आवाजात गात, साथ रूक्ष असे, ख्याल तीन मिनिटांत उरके. यातले बरेचसे कर्ण्याने आणि तबकडीच्या लांबीने लादलेले आहे. बखर वाचताना आपण लेखकाचा पक्ष विचारतो. तबकडी ऐकताना यंत्राचा पक्ष विचारायला हवा.

१७/ उलट बाजूचा धोकाही तेवढाच. खरखर पुसणारी प्लगइन वापरताना खरखरीसोबत दूरवरच्या तंबोऱ्याचा उरलासुरला अंशही जाऊ शकतो. म्हणून ध्वनिसंग्रहांचा शिरस्ता असा की तबकडीची कोणतीही प्रक्रिया न केलेली प्रत आधी जपायची आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करायची. मूळ हस्तलिखितावर आपण खोडरबर चालवत नाही, तोच हा न्याय.

१८/ मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण लाभले; पण जवारी काढणारा कान मानांकनाने घडत नाही, तो शेजारी बसून घडतो. रियाजासाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइल ॲप घरोघर आहेत. त्यांची सोय नाकारण्याचे कारण नाही, मात्र त्यांनाही अनुकरणासाठी कुणीतरी हाताने लावलेला तंबोरा लागतोच.

१९/ तेव्हा यापुढे जुने ध्वनिमुद्रण ऐकताना तीन प्रश्न विचारून पाहा. यातला कोणता पोत कलावंताने घडवला? कोणता यंत्राने लादला? आणि कोणता नंतर कुणीतरी चढवला? गावच्या जत्रेत तुणतुणे कानी पडले, तर दोन मिनिटे थांबून तेही मुद्रित करून ठेवा आणि फाइलच्या नावात गाव, तारीख आणि वाद्य लिहा. १८९१ च्या संग्रहात जे उतरू शकले नाही, ते तेवढ्याने तरी पुढच्या अभ्यासकाला मिळेल.