बोटीची मोटर आणि उजनीचे पाणी

सोलापूर म्हटले की चादर, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आठवते; वेगवान बोट कोणाला आठवत नाही. पण 1980 साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले आणि या कोरड्या जिल्ह्याला अथांग पाणी लाभले. याच जलाशयात 21 मे 2024 रोजी वादळी वाऱ्याने कुगाव-कळाशी मार्गावरची प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा वेढलेल्या गावांतून माणसे बाहेर काढायला बोटीच लागल्या. म्हणूनच वेगवान बोटीची जुनी मोटर बदलताना नवी कोणती निवडावी, हा प्रश्न आता केवळ कोकणचा राहिलेला नाही. त्याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासात सापडते, असे मला वाटते.

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची ती आउटबोर्ड मोटर. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने ती आधी बाजारात आणली. पण तिला खरी लोकप्रियता मिळवून दिली ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने. 1909 सालची त्याची मोटर दीड अश्वशक्तीची, वजनाला 62 पौंड, म्हणजे सुमारे 28 किलो होती. जाहिरातीची बाजू त्याची पत्नी बेस हिने सांभाळली. इंजिन वर, त्यातून खाली जाणारा उभा दांडा आणि पाण्यात बुडालेली गिअरकेस, ही मांडणी आजही तीच आहे. गिअरकेसमधली दातेरी चाके दांड्याची गती काटकोनात वळवून पंख्याला देतात.

त्या पहिल्या मोटरींना गिअर बदलण्याची सोय नव्हती. 1949 मध्ये जॉन्सन कंपनीच्या दहा अश्वशक्तीच्या मोटरीत पुढचा, मोकळा आणि मागचा असे गिअर आले. बचावकार्यात याचे मोल फार मोठे आहे. बुडणाऱ्या माणसाजवळ जाताना इंजिन चालू ठेवूनही पंखा थांबवता येतो.

खरेदीला जाणारे बहुधा अश्वशक्ती विचारतात. बोटीच्या बांधणीला झेपेल तेवढीच अश्वशक्ती घ्यावी, हे खरेच. पण मी आधी गिअरकेस पाहीन. इंजिन मिनिटाला 5,500 फेरे घेत असेल आणि गिअरचे प्रमाण 2:1 असेल, तर पंखा 2,750 फेरे घेतो. फेरे घटतात, रेटा वाढतो. माणसांनी भरलेल्या बोटीला रेटाच हवा. जुन्या मोटरीला वेगळ्या प्रमाणाची गिअरकेस जोडली, तर पंखाही त्याप्रमाणे बदलावा लागतो. नाहीतर इंजिन दमते किंवा नुसतेच घुमत राहते. दांड्याची लांबीही मागच्या फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. लांब झाला तर तळाला घासतो.

आणि उजनीचा तळ साधा नाही. सुमारे 117 टीएमसी साठ्यापैकी 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. उन्हाळ्यात धरण 'मायनसमध्ये' जाते. पाणी फारच उतरले की पळसदेवचे पळसनाथ मंदिर उघडे पडते. मंदिर निदान दिसते. पाण्याखालची घरांची जोती, बांध आणि खोडे दिसत नाहीत, आणि त्यांची पहिली धडक बसते ती पंख्याला आणि गिअरकेसला. जुन्या मोटरींत अशा वेळी एक छोटी पिन तुटून गिअर वाचत असे. आता ते काम पंख्यातला रबरी भाग करतो. तोही फाटतो, म्हणून जादा पंखा बोटीत हवाच. गिअरचे तेल दुधासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे आणि सील बदलावे.

शेवटचा धडाही इतिहासच देतो. ज्या एव्हिनरूडने हा धंदा उभा केला, त्याच नावाच्या मोटरींचे उत्पादन 2020 मध्ये बंद झाले. नाव कितीही मोठे असो, सील, गिअर आणि पाण्याच्या पंपाचे रबर आपल्या जवळच्या बाजारात मिळते का, हे दुकानदाराला आधी विचारावे. पूर आल्यावर सुटे भाग शोधायला वेळ नसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)