राजेशाही गाडीवान आणि आपलं मोरपीस

परवा कोलोरॅडोहून नातवाचा फोन. "आजोबा, या वेळी येताना मोरपिसं आणाल? बरीच आणा." मला वाटलं, शाळेच्या नाटकात कृष्ण व्हायचं असेल. तर म्हणाला, "नाही हो, माशी बांधायची आहे!"

मग लेकाने समजावलं. तिकडच्या थंड नद्यांत ट्राउट मासा असतो. पाण्यावर पडलेले किडे तो वर येऊन टिपतो. म्हणून गळाला गांडूळ न लावता दोरा आणि पिसं गुंडाळून खोटी माशी करतात. तिच्या मानेभोवती कोंबड्याचं ताठ पीस गोल फिरवलं की ती बुडत नाही, तरंगते. हीच 'ड्राय फ्लाय'.

नातवाच्या माशीचं नाव 'रॉयल कोचमन'. म्हणजे राजेशाही गाडीवान! मास्तरकीची खोड, खोदून पाहिलंच. टॉम बॉसवर्थ हा ब्रिटिश राजघराण्याचा गाडीवान. मूळची 'कोचमन' त्याची. मोरपिसाच्या तंतूंचं अंग आणि पांढरे पंख. पण हे तंतू फार नाजूक, माशाच्या दातांत लगेच तुटायचे. १८७८ साली न्यूयॉर्कच्या जॉन हेली या कारागिराने माशी टिकावी म्हणून मधोमध लाल रेशमाचा पट्टा बांधला. हिरवं, लाल, हिरवं! पुढे १९३० च्या सुमारास पिसांऐवजी केसांचे पंख लावलेली, खळाळत्या पाण्यावरही तरंगणारी 'रॉयल वुल्फ' आली. गंमत अशी, की असा रंगीत किडा निसर्गात कुठेच नाही. तरी मासा फसतोच.

या सगळ्यात आपला मोर मात्र कुणाच्या लक्षात नाही. आणि एकटा मोरच कशाला? आपल्या मेळघाटात, ताडोबात जो करडा रानकोंबडा आरवतो, त्याच्या मानेवरच्या मेणचट पिवळ्या ठिपक्यांच्या पिसांना तर विलायतेतल्या माशी बांधणाऱ्यांकडे मोठा भाव होता. शिवाय मडमांच्या हॅटसाठीही पिसं जायची. इतकी, की १९०२ साली खुद्द इंग्रज सरकारलाच रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी घालावी लागली. तरी माल चोरून जातच राहिला. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आपोआप गळलेलं मोरपीस आज घरात ठेवता येतं, पण देशाबाहेर नेता येत नाही. कारण साधं आहे. पीस गळलेलं की मोर मारून उपटलेलं, हे बॅगेत बघून कोण सांगणार?

खरं सांगतो, मन डळमळलं. दोन-चार पिसं कपड्यांच्या घडीत कुणाला दिसणार होती? नातवाने आयुष्यात पहिल्यांदाच आजोबाकडे काही मागितलं होतं. पण वर्गात वह्या तपासताना मुलांनी पिल्लं होतील म्हणून ठेवलेली कितीतरी मोरपिसं पाहिली आहेत मी. "हे कुठून आणलंस?" असं प्रत्येकाला दरडावून विचारणारा मीच होतो. आता तोच प्रश्न माझ्याकडे वळला.

नाही म्हणालो. नातू रुसला. मग त्याला गाडीवानाची, हेलीच्या लाल रेशमाची आणि रानकोंबड्याची ही सगळी गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, मग लाल रेशीम तरी आणा."

ते मात्र नक्की आणणार. महालातून दोन रिळं घेऊन ठेवली आहेत.