काडेपेटी, गिरणी आणि हाडांची गोळी

सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या दोन धंदे शेजारी नांदले. एक कापडाचा. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, उभी राहिली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनी या शहराची चादर देशभर नेली. दुसरा धंदा विडीचा. तो प्रामुख्याने बायकांचा. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, आणि दिवसभर वाकलेली पाठ. याच विडी कामगारांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये घरांच्या किल्ल्या कामगारांच्या हाती आल्या.

त्या पिढीतल्या अनेकजणी आता साठी-सत्तरीला पोहोचल्या आहेत. पाळी गेल्यावर बाईची हाडे झपाट्याने विरळ होतात. घरात नुसता पाय घसरला तरी मनगट मोडते, खुबा मोडतो. मग डॉक्टर आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक सलाइन लिहून देतात. या औषधाचा इतिहास विडी पेटवणाऱ्या काडेपेटीशीही जोडलेला आहे आणि कापडाच्या गिरणीशीही.

आधी काडेपेटी. १८३० च्या सुमारास युरोपात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या. कुठेही घासा, पेटतात. स्वस्त असल्याने त्या घरोघर गेल्या. कारखान्यांत मात्र काड्यांची टोके फॉस्फरसच्या लगद्यात बुडवणाऱ्या कामगारांचे दात दुखू लागले, हिरड्यांतून पू येऊ लागला, जबड्याचे हाड उघडे पडून कुजू लागले. १८४५ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्झर यांनी या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन केले. बहुतेक वेळा सुरुवात किडलेल्या किंवा नुकत्याच काढलेल्या दाताच्या जागेतून होई. उपाय एकच, सडलेला जबडा कापून काढणे.

लाल फॉस्फरसची सुरक्षित काडी १८५५ पर्यंत स्वीडनमध्ये तयार झाली होती. तरीही पांढरा फॉस्फरस स्वस्त पडतो म्हणून कारखानदार त्याला चिकटून राहिले. जुलै १८८८ मध्ये लंडनच्या ‘ब्रायंट अँड मे’ कारखान्यातल्या सुमारे १४०० मुली आणि बायका संपावर गेल्या. त्यांची व्यथा जगापुढे मांडणाऱ्या पत्रकार होत्या अ‍ॅनी बेझंट, पुढे टिळकांच्या बरोबरीने होमरूलची चळवळ चालवणाऱ्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा झालेल्या. संपाने मिळवलेल्या गोष्टींत एक होती जेवायला वेगळी खोली. तोवर बायका कामाच्या जागीच भाकरतुकडा खात आणि घासाबरोबर विष पोटात जाई. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, याच कंपनीला जबड्याच्या रोगाचे १७ रुग्ण दडवल्याबद्दल दंड झाला.

१९०६ च्या बर्न करारानंतर एकेक देश पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालू लागला. हिंदुस्थानात बहुतेक काडेपेट्या तेव्हा स्वीडन आणि जपानहून येत. इथला बंदीचा कायदा १९१३ चा. अंबरनाथला ‘विम्को’चा कारखाना उभा राहिला तो त्यानंतर दहा-एक वर्षांनी, त्यामुळे तिथल्या कामगारांपर्यंत हा रोग पोहोचलाच नाही. पुढच्या काही दशकांत डॉक्टरही त्याला विसरले.

आता गिरणी. बिस्फॉस्फोनेट नावाची रसायने एकोणिसाव्या शतकात जर्मनीत तयार झाली आणि दीर्घकाळ कापड, खत, तेल अशा उद्योगांत वापरली गेली. पाण्यातला कॅल्शियम पाइपांत साचू नये, हे त्यांचे काम. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश यांना दिसले की शरीरातही पायरोफॉस्फेट हा त्यांचा भाऊबंद नको तिथे कॅल्शियम जमू देत नाही. ही रसायने हाडाला घट्ट चिकटतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतात. यातूनच पुढे औषध घडले. १९९५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेन्ड्रोनेट ही गोळी ठिसूळ हाडांसाठी मंजूर झाली. या औषधांनी असंख्य खुबे आणि मणके मोडण्यापासून वाचवले.

२००३ मध्ये मायामीचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याचे हाड उघडे पडलेल्या ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे हीच औषधे घेणारे होते, त्यांतले बहुतेक कर्करोगाचे रुग्ण. २००५ मध्ये दंतवैद्यकाच्या एका नियतकालिकात उघड प्रश्न विचारला गेला, काडेपेटी कामगारांचाच जबडा एकविसाव्या शतकात परत आला आहे काय? साम्य जबड्यापुरते नव्हते. १८९९ मध्ये इंग्लंडच्या डॉ. डिअरडन यांनी काडेपेटी कामगारांची मांडीची हाडे किरकोळ कारणाने मोडतात, असे लिहून ठेवले होते. आजही ही औषधे बरीच वर्षे घेणाऱ्या थोड्या जणांत मांडीचे हाड तसेच विचित्र मोडते. फॉस्फरसची वाफ शरीरात जाऊन बिस्फॉस्फोनेटसारखे रसायन बनत असावे, असा काही संशोधकांचा तर्क आहे.

फटका जबड्यालाच का? जबड्याचे हाड सतत झिजते आणि भरते, वर हिरडीचे आवरण पातळ, आणि तोंडात जंतू कायमचे. दात काढला की हाड थेट उघड्यावर येते. आठ आठवड्यांनीही ते झाकले गेले नाही, तर डॉक्टर या रोगाचा संशय घेतात. २०१० मध्ये आलेल्या डेनोसुमॅब या इंजेक्शनची रासायनिक जात वेगळी, पण धोका तोच.

प्रमाणही समजून घ्यायला हवे. कर्करोगात मोठे डोस वारंवार दिले जातात, तिथे शंभरात एक ते पाच रुग्णांना हा त्रास होऊ शकतो. हाडांच्या विरळपणासाठी औषध घेणाऱ्यांत तो दहा हजारांत काही मोजक्यांनाच होतो. उलट खुबा मोडलेली अनेक म्हातारी माणसे पुन्हा स्वतःच्या पायांवर नीट चालत नाहीत. जबड्याच्या भीतीने गोळी टाळण्यात शहाणपण नाही.

धोका आहे तो न तपासलेल्या तोंडात. मिश्री लावून, तंबाखू चघळून हिरड्या खराब झालेल्या आणि दात फारच दुखल्याशिवाय दवाखान्यात न जाणाऱ्या बायका आपल्या आसपास आहेत. त्यांच्या सूनबाईंना, मुलांना एवढेच सांगणे: आईची हाडांची गोळी किंवा इंजेक्शन सुरू होण्याआधी तिला दातांच्या डॉक्टरांकडे न्या, काढायचे दात आधी काढून घ्या आणि जखम भरू द्या. औषध चालू असताना दात काढायची वेळ आली, तर औषधाची चिठ्ठी दाखवा. आणि औषध मनाने बंद करू नका. डेनोसुमॅब अचानक थांबवल्यास मणके मोडू शकतात.