फायब्रोमायल्जियावरील औषधे

फायब्रोमायल्जियावरील औषधे : फायब्रोमायल्जिया या दीर्घकालीन विकारातील अंगभर पसरलेली वेदना, थकवा आणि झोपेच्या तक्रारी कमी करण्यासाठी दिली जाणारी औषधे. विकार समूळ बरा करणारे औषध उपलब्ध नाही. जी औषधे उपयोगी पडतात त्यांपैकी बहुतेक मुळात नैराश्य, अपस्मार किंवा स्नायूंचा ताठरपणा यांसाठी तयार झालेली आहेत. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या विकारात फारसा उपयोग होत नाही.

वेदनेचे स्वरूप : या विकारात स्नायू, अस्थिबंध व सांध्यांभोवतीचा भाग दुखतो, पण तेथे दाह, झीज वा इजा आढळत नाही. इंग्लिश वैद्य विल्यम गॉवर्स यांनी १९०४ मध्ये अशा दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटले, ते तंतुमय ऊतकाला सूज येत असावी या समजुतीने. ती सूज सिद्ध न झाल्याने १९७० नंतर हे नाव मागे पडले. आता बिघाड वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत असल्याचे मानले जाते. मेंदू व मज्जारज्जू साध्या स्पर्शाला किंवा दाबालाही वेदनेचा प्रतिसाद देतात. याला केंद्रीय संवेदनवृद्धी म्हणतात. रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात ‘सब्स्टन्स पी’ हे वेदनासंदेश वाहणारे द्रव्य वाढलेले आढळते. मेंदूकडून खाली येऊन वेदनेला आवर घालणारे मार्ग सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन या द्रव्यांवर चालतात आणि ते दुबळे पडलेले असतात. औषधांची निवड याच आकलनावर आधारलेली आहे : वर जाणारे संदेश मंद करायचे किंवा खाली येणारा आवर बळकट करायचा.

अमिट्रिप्टिलिन : १९६० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात असलेले त्रिचक्रीय नैराश्यरोधक. फायब्रोमायल्जियावर याच्या नियंत्रित चाचण्या १९८० च्या दशकात झाल्या. नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच कमी, म्हणजे रात्री १० ते ५० मिलिग्रॅम, मात्रा पुरते. झोप सुधारणे हा याचा मोठा लाभ. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, सकाळची गुंगी व वजनवाढ हे सामान्य दुष्परिणाम होत. काचबिंदू, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेल्यांना, तसेच वृद्धांना ते जपून द्यावे लागते. या विकारासाठी खास मंजुरी नसतानाही स्वस्त व परिचित असल्याने अनेक डॉक्टर सुरुवात याच औषधाने करतात.

प्रेगॅबालिन : मूळचे अपस्माररोधी औषध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फायब्रोमायल्जियासाठी मंजूर केलेले हे पहिले औषध (जून २००७). चेतापेशींवरील कॅल्शियम मार्गांच्या ‘अल्फा-२-डेल्टा’ या घटकाला ते चिकटते. त्यामुळे पेशीत शिरणारे कॅल्शियम घटते आणि ग्लुटामेट, सब्स्टन्स पी यांसारखी संदेशद्रव्ये कमी स्रवतात. अमेरिकी शिफारशीनुसार दिवसाला १५० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा ३०० ते ४५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. व्यवहारात याहून कमी मात्रेनेही आरंभ करतात. चक्कर, झोपाळूपणा, पायांवर सूज व वजनवाढ या तक्रारींमुळे बरेच रुग्ण औषध सोडतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंडविकारात मात्रा घटवावी लागते. अफूवर्गीय औषधे किंवा मद्य यांच्याबरोबर घेतल्यास श्वसन मंदावण्याचा धोका असतो. गैरवापर होऊ लागल्याने ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित औषधांत घातले. भारतात प्रेगॅबालिन व मेथिलकोबालामिन (ब-१२ जीवनसत्त्वाचे एक रूप) यांच्या संयुक्त गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. मात्र ब-१२ ची कमतरता नसताना या जोडीचा फायब्रोमायल्जियात जादा लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही.

ड्युलोक्सेटिन व मिल्नासिप्रान : ही दोन्ही नैराश्यरोधके सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन यांचे चेतापेशींत होणारे पुनर्शोषण रोखतात. अमेरिकेत ड्युलोक्सेटिनला जून २००८ मध्ये आणि मिल्नासिप्रानला जानेवारी २००९ मध्ये या विकारासाठी मंजुरी मिळाली. ड्युलोक्सेटिन पहिला आठवडा ३० व नंतर दररोज ६० मिलिग्रॅम देतात. मळमळ, तोंडाला कोरड, घाम व बद्धकोष्ठ हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम; यकृतविकार व अतिमद्यपान असलेल्यांत ते टाळतात. मिल्नासिप्रान १२.५ मिलिग्रॅमपासून वाढवत दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत, दोन वेळांत विभागून देतात. त्याने रक्तदाब व नाडीचा वेग वाढू शकतो. वेदना कमी होणे हे केवळ मन:स्थिती सुधारल्याचे फळ नव्हे. नैराश्य नसलेल्या रुग्णांतही ड्युलोक्सेटिनचा गुण दिसला आहे. नैराश्यरोधक औषधे सुरू केल्यावर तरुण रुग्णांत आत्महत्येचे विचार बळावत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे लागते. ती एकाएकी बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता व अंगातून झिणझिण्या जाणे अशी लक्षणे उद्भवतात. म्हणून मात्रा हळूहळू उतरवतात.

सायक्लोबेन्झाप्रिन : अमिट्रिप्टिलिनशी रचनेने जवळचे असलेले स्नायुशैथिल्यकारी औषध. जिभेखाली ठेवून विरघळवायची त्याची गोळी अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झाली. २००९ नंतर या विकारासाठी मंजूर झालेले हे पहिलेच औषध. ती रात्री झोपताना घेतात; तोंडात बधिरपणा येणे हा तिचा वारंवार दिसणारा दुष्परिणाम.

उपयोगी न ठरलेली औषधे : दाह नसल्याने आयब्युप्रोफेनसारखी दाहशामके व प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे येथे निरुपयोगी ठरतात. वाताचे दुखणे समजून ती महिनोन्‌महिने घेणाऱ्यांना जठरव्रण, मधुमेह, हाडांची झीज असे अपाय मात्र होतात. मॉर्फिनसारख्या तीव्र अफूवर्गीय औषधांनी व्यसनाधीनता येते आणि कधी वेदनेची जाणीव उलट वाढते. ट्रॅमाडोलचा काही रुग्णांना उपयोग होतो. पण ड्युलोक्सेटिनसारख्या औषधांबरोबर दिल्यास शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. भारतात ट्रॅमाडोल एप्रिल २०१८ पासून अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. अल्प मात्रेतील नाल्ट्रेक्सोनबद्दल बरीच आशा होती. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत ६ मिलिग्रॅम मात्रेचा प्लासिबोच्या (औषधी घटक नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत वेदनेवर ठळक परिणाम दिसला नाही.

परिणामकारकता व मतभेद : मंजूर औषधांचा लाभ मर्यादित आहे. प्रेगॅबालिनच्या चाचण्या एकत्र पाहता, प्लासिबोच्या तुलनेत साधारण दहा रुग्णांमागे एकाला जास्तीचा ठळक आराम मिळतो. ज्यांना गुण येतो त्यांना तो चांगला येतो, पण कोणाला येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून एकच औषध अल्प मात्रेत सुरू करून काही आठवड्यांनी आढावा घेतात आणि उपयोग नसल्यास ते बंद करतात. युरोपीय औषध संस्थेने ड्युलोक्सेटिन, प्रेगॅबालिन व मिल्नासिप्रान या तिन्हींना या विकारासाठी मंजुरी नाकारली. लाभ फार थोडा असल्याचे तिचे मत पडले. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या एप्रिल २०२१ च्या मार्गदर्शनानुसार प्राथमिक दीर्घकालीन वेदनेत, ज्यात फायब्रोमायल्जियाही मोडतो, काही नैराश्यरोधकांचा विचार करावा. मात्र पॅरासिटामॉल, दाहशामके, अफूवर्गीय औषधे व प्रेगॅबालिन नव्याने सुरू करू नयेत.

औषधयोजनेपूर्वी : अवटू ग्रंथीची मंदता, ड जीवनसत्त्वाची कमतरता, संधिवाताभ आमवात, निद्राश्वसनरोध व कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन औषधांमुळे होणारी स्नायुदुखी यांतही अशीच लक्षणे दिसतात, ती वगळावी लागतात. गर्भवती, स्तनपान देणाऱ्या स्त्रिया व वृद्ध यांच्याबाबत स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो. गुंगी आणणारी औषधे सुरू असताना वाहन चालविण्याबाबत रुग्णाला सूचना देणे आवश्यक असते.

युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत वरीलपैकी एकाही औषधाला ‘ठाम’ शिफारस दिली नाही; ती केवळ नियमित व्यायामाला मिळाली. त्यामुळे चालणे, पोहणे, बेताबेताने वाढवलेला व्यायाम, झोपेची शिस्त व मानसोपचार हे उपचाराचा पाया मानले जातात आणि औषधे त्यांना जोड म्हणून दिली जातात.