इंजिन न उघडता बेअरिंगची झीज कशी कळते?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगली पट्ट्यातल्या ट्रॅक्टरला उसंत नसते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत इंजिन महिनोन्‌महिने राबतं. अशात क्रँकचं बेअरिंग गेलं तर ट्रॅक्टर गॅरेजात, ऊस फडात आणि हप्ता डोक्यावर. फिटरला खालून खटखट ऐकू येते तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही, क्रँक घासून घ्यावा लागतो.

ही झीज आवाजाच्या आधी कळू शकते. खूण असते वापरलेल्या ऑईलमध्ये.

क्रँकचं बेअरिंग म्हणजे चाकातलं गोळ्यांचं बेअरिंग नव्हे. या असतात धातूच्या दोन अर्धगोल पट्ट्या, ज्यांना शेल म्हणतात. पाठीला पोलाद, त्यावर तांबं-शिसं यांचा थर आणि सगळ्यात वर शिसं-कथिलाचा अगदी पातळ, मऊ थर, अशी त्यांची जुनी रचना. बऱ्याच नव्या इंजिनांत शिशाऐवजी ॲल्युमिनियम-कथिल असतं. क्रँक आणि शेल यांच्यामध्ये ऑईलचा पडदा असतो, भार आल्यावर तो जेमतेम काही मायक्रॉन उरतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हा पडदा तुटला की धातूवर धातू घासतो आणि त्याचे कण ऑईलमध्ये उतरतात.

प्रयोगशाळेत थोडं ऑईल ठिणगीत किंवा प्लाझ्मात जाळतात. प्रत्येक धातू जळताना आपल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देतो, तो स्पेक्ट्रोमीटर मोजतो. उत्तर येतं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. 10 लिटर ऑईलमध्ये 20 पीपीएम शिसं म्हणजे सगळं मिळून पाव ग्रॅमसुद्धा नाही, तरी ते पकडलं जातं.

जुन्या रचनेच्या शेलमध्ये शिसं आणि कथिल वाढलं की वरचा थर चालला. मागोमाग तांबं चढलं तर झीज खाली पोचली. लोखंडही चढलं तर क्रँकलाही झळ लागलेली असू शकते. पण नुसतं तांबं ऑईल कूलरमधूनही येतं, त्यामुळे एका धातूवरून इंजिन उतरवायची घाई करू नये. सोबत सिलिकॉन वाढलं असेल तर आधी एअर फिल्टर पाहावा, कारण फडातली माती आत जात असेल. सोडियम-पोटॅशियम वाढलं तर कूलंट शिरल्याचा संशय घ्यावा. ऑईल पातळ झालं असेल तर त्यात डिझेल मिसळत असेल. म्हणजे अहवाल झिजेबरोबर तिचं कारणही सुचवतो, आणि खरा फायदा तिथेच आहे. कारण न शोधता नवे शेल टाकले तर तेही जाणार.

एका आकड्याला मात्र फारसा अर्थ नाही. समजा, दर 250 तासांनी शिसं 8, मग 11 आणि मग एकदम 30 पीपीएम आलं. इथे 30 पेक्षा ती उडी महत्त्वाची.

पुणे-मिरज रेल्वेमार्ग सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली असा जातो. त्यावर अनेक दशकं डिझेल इंजिनं धावली. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाच्या ऑईलची अशी तपासणी नेहमीच्या देखभालीचाच भाग असते. ही पद्धत आलीही रेल्वेतूनच: अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेनं 1946 च्या सुमारास डिझेल इंजिनांचे बिघाड ऑईलमधल्या धातूंवरून ओळखायला सुरुवात केली.

या पद्धतीची एक मोठी उणीव आहे. साधारण 8-10 मायक्रॉनपेक्षा मोठे कण स्पेक्ट्रोमीटरला नीट दिसत नाहीत. बेअरिंगचे पापुद्रेच सुटत असतील तर अहवाल चांगला येऊनही इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून जुना ऑईल फिल्टर कापून, घड्या उलगडून उजेडात पाहावा. चकाकणारे पापुद्रे दिसले तर अहवालाची वाट न पाहता इंजिन बंद ठेवलेलं बरं.

नमुना इंजिन गरम असतानाच घ्यावा. ऑईल बदलताना घेत असाल तर पहिली धार जाऊ द्या, मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरा. तळाचा गाळ नको. बाटलीवर इंजिनाचे एकूण तास, ऑईलचे तास आणि मध्ये किती ऑईल भरलं ते लिहा. दोन लिटर नवं ऑईल पडलं की आकडे आपोआप उतरतात, आणि झीज थांबली असा गैरसमज होतो.