संमतिवयाचा कायदा (इ. स. १८९१) व धंदेवाईक विद्वानांची साक्ष

संमतिवयाच्या कायद्याचा इतिहास सांगतांना सुधारक व सनातनी यांच्या वादाचेंच वर्णन बहुधा केलें जातें. त्या वादांत वकील, न्यायाधीश, डॉक्टर व संस्कृतज्ञ यांनीं आपापल्या विद्येच्या बळावर जी साक्ष दिली, तिचा स्वतंत्र विचार क्वचित् आढळतो. तो थोडक्यांत करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

सन १८६० च्या दंडसंहितेनें संमतीचें वय १० वर्षें ठरविलें होतें व तें पतीसही लागू होतें. ऑगस्ट १८८४ मध्यें मुंबईचे पत्रकार बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांविषयीं दोन टिपणें प्रसिद्ध केलीं. सरकारनें ठिकठिकाणचे अभिप्राय मागविले, परंतु १८८६ मध्यें कायदा करण्याचें नाकारलें. म्हणजे केवळ मतांच्या संग्रहानें कार्य झालें नाहीं.

याच सुमारास मुंबईच्या हायकोर्टांत दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा दावा उभा राहिला. रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन हे स्वतः नामांकित डॉक्टर. त्यांच्या बाजूच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. सप्टेंबर १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्हे यांनीं वादीचा दावा फेटाळतांना, पत्नीस बळानें नांदावयास लावण्याचा हा उपाय इंग्लंडांतून आलेला असून हिंदु धर्मशास्त्रांत त्यास आधार नाहीं, असें दाखविलें. अपिलांत निर्णय फिरला. मार्च १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं, नांदावयास जावें अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम केला. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. शेवटीं १८८८ मध्यें तडजोड झाली. पुढें त्या विलायतेस वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या.

सन १८९० मध्यें कलकत्त्यास फुलमणि दासी ही सुमारें ११ वर्षांची मुलगी पतीच्या संभोगानें मृत्यु पावली. वय दहाच्या वर असल्यामुळें पतीवर बलात्काराचा आरोप ठेवितां येईना. अविचारानें जबर दुखापत केल्याबद्दल त्यास एक वर्षाची सक्तमजुरी झाली. कायद्यांतील उणीव या खटल्यानें उघडी पडली. ही गोष्ट अपवादात्मक आहे, असें म्हणणारांस उत्तर डॉक्टरांनीं दिलें. अमेरिकन मिशनच्या डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकारानें ५५ स्त्री-डॉक्टरांनीं व्हाइसरॉयकडे अर्ज केला व वय १४ करण्याची मागणी केली. त्या अर्जांत तत्त्वचर्चा थोडी असून प्रत्यक्ष पाहिलेल्या १३ मुलींच्या इजांची हकीकत होती. अर्जाचें बळ त्या हकीकतींत होतें.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. प्रथम ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान न केल्यास दोष लागतो, असें विरोधक म्हणत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८९१ मध्यें पुण्यास निबंध प्रसिद्ध करून, गृह्यसूत्रांतील विवाहविधि प्रौढ वधूस उद्देशून आहेत व गर्भाधान पुढें नेल्यानें धर्मलोप होत नाहीं, असें प्रतिपादन केलें. सुश्रुतानेंही सोळा वर्षांखालील स्त्रीच्या गर्भास धोका सांगितलेला आहे. लोकमान्य टिळकांनीं भांडारकरांच्या ग्रंथार्थावर आक्षेप घेतले. सुधारणा समाजानें आपण होऊन करावी, परक्या सरकारनें कायद्यानें लादूं नये, हें त्यांचें मुख्य म्हणणें होतें. तें निराधार नव्हतें; तथापि समाज केव्हां सुधारेल याची वाट फुलमणीसारख्या मुलींनीं पाहावी, हें न्याय्य होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

ता. ९ जानेवारी १८९१ रोजीं सर अँड्र्यू स्कोबल यांनीं बिल मांडलें व ता. १९ मार्च रोजीं तें मंजूर झालें. वय १२ ठरलें. डॉक्टरांची १४ ची मागणी पुरी झाली नाहीं. माजी न्यायमूर्ति रमेशचंद्र मित्र यांनीं कौन्सिलांत विरोध केला, यावरून धंदा एक असला तरी मत एक असतें असें नाहीं, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. पुढें सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील कमिटींत (१९२८–२९) एक स्त्री-डॉक्टर सभासद नेमल्या गेल्या. १८९१ मध्यें अर्जदार असलेला वर्ग आतां निर्णयाच्या आसनावर बसला. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय १४ केलें. विवाहित स्त्रीच्या बाबतींत संमतीचें वय १८ मानावें हा निर्णय मात्र सुप्रीम कोर्टानें २०१७ सालीं दिला.

या वृत्तांतावरून आम्हांस असें दिसतें कीं, विद्वानाचें केवळ मत सरकार बाजूस ठेवितें. परंतु त्यानें आपल्याच धंद्यांतील पुरावा पुढें मांडला, म्हणजे वैद्यानें रोग्याची हकीकत, वकिलानें कायद्याचें मूळ व पंडितानें पोथी मांडली, तर तो टाळणें कठीण होतें. मात्र ज्या १३ मुलींच्या हकीकतींनीं हें घडलें, त्यांचे स्वतःचे शब्द त्या अर्जांत नाहींत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, जुन्या घराण्यांच्या दप्तरांत केवळ सनदा व बखरी पाहूं नयेत. डॉक्टरांच्या रोजनिशा, वकिलांचीं बाडें, अर्जांचे मसुदे व बायकांचीं पत्रें रद्दींत जाण्यापूर्वीं राखावींत. कुटुंबाच्या कायद्याचा खरा इतिहास त्यांतच मिळावयाचा.